तेरचा चैत्य, आगाचा दात्सान आणि आपली कोपी

मराठवाड्यातल्या कोणत्याही बौद्ध तरुणाला विचारा, तुझा वारसा कुठे आहे? तो अजिंठा सांगेल, वेरूळ सांगेल, औरंगाबादची लेणी सांगेल. एखादा पितळखोऱ्याचे नाव घेईल. उत्तर चूक नाही, पण त्यात एक गोम आहे. ही सगळी दगडांची नावे आहेत. त्या दगडांत कोण राहत होते, त्यांना जेवण कोण घालत होते आणि एके दिवशी ते जेवण का थांबले, हे आपण फारसे विचारत नाही. "हे आमचे होते" ही घोषणा सोपी आहे. "मग आमच्या हातून गेले कसे?" हा प्रश्न अवघड आहे, कारण त्याचे अर्धेच उत्तर शत्रूच्या नावावर टाकता येते.

या लेखात आम्ही दोन छोट्या गावांचा इतिहास समोरासमोर ठेवणार आहोत. एक आहे धाराशिव जिल्ह्यातले तेर. बीडहून केज, कळंब, ढोकी करत तिथे जाता येते आणि आमच्या अभ्यासवर्गातली मुले-मुली घेऊन आम्ही तिथे जाऊन आलो आहोत. दुसरे आहे सायबेरियातले आगिन्स्कोये. बुर्यात लोकांचे हे गाव आम्ही पाहिलेले नाही, त्याचा इतिहास फक्त वाचला आहे. पहिल्या गावात बौद्धांच्या विटा उरल्या, बौद्ध उरले नाहीत. दुसऱ्या गावात धर्मावर बंदूक चालली, तरी माणसे बौद्ध राहिली. हा फरक कशामुळे पडला?

आधी तेर. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे पहिल्या शतकातले ग्रीक भाषेतले व्यापारी मार्गदर्शक पुस्तक आहे. त्यात लिहिले आहे की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर आहे. तगरहून जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि इतर माल गाड्यांवर लादून भडोचला जात असे. हे तगर म्हणजे कोणते गाव, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांचे बरेच वाद झाले. कोणी जुन्नर म्हणाले, कोणी दौलताबाद. शेवटी 1901 च्या सुमारास फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे पटवून दिले. त्यानंतर थोड्याच काळात हेन्री कझिन्स तिथे गेले. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कझिन्सने गावातले त्रिविक्रमाचे देऊळ पाहिले आणि हे मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचे मत मांडले.

देवळासमोर उभे राहिले की असे मत का झाले ते कळते. पुढचा मंडप नंतरचा आहे. मागचा भाग विटांचा, पाठ गोलाकार, वर अर्धगोल गाडीच्या टपासारखे छप्पर. कार्ला-भाज्याच्या चैत्यगृहाचा आकार डोळ्यांसमोर आणा आणि तो डोंगरात कोरण्याऐवजी मोकळ्या जमिनीवर विटांनी बांधला आहे अशी कल्पना करा. इथे आम्ही प्रामाणिक राहणार आहोत. गोलाकार पाठीची देवळे ब्राह्मणी पंथांनीही बांधली, ऐहोळेचे दुर्ग मंदिर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यामुळे तेरची ही वास्तू पहिल्या दिवसापासून चैत्यच होती की नाही, यावर वाद घालता येतो. पण तेरमध्ये बौद्ध होते की नाही, यावर वाद नाही. उत्खननात तिथे सातवाहन काळातल्या विटांच्या मोठ्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. वस्ती होती, भिक्खू होते, उपासकही होते.

आता त्या गोल पाठीच्या गाभाऱ्यात कोण उभे आहे ते पाहा. त्रिविक्रम, म्हणजे बळीराजाला पाताळात घालण्यासाठी पाय उचललेला वामन. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी'त वामन आणि बळीच्या कथेचा जो अर्थ लावला, तो माहीत असलेला माणूस या गाभाऱ्यापुढे थबकल्याशिवाय राहत नाही. आमच्यातल्या एका मुलीने विचारले, "सर, बळीला घालवणारा नेमका इथेच का?" कोणी मुद्दाम निवडून तो इथे बसवला, असे सिद्ध करायला आमच्याकडे पुरावा नाही. पण प्रश्न बिनतोड आहे आणि तो गावच्या पोरीने विचारला, याचे आम्हाला समाधान आहे.

आज तेरचे नाव काढले की महाराष्ट्राला संत गोरा कुंभार आठवतात. गावातले लोक गोरोबाकाका म्हणतात आणि त्यांच्यावर जीव टाकतात. थापटणे घेऊन संतांची डोकी तपासणारा, कोणते मडके कच्चे ते बिनदिक्कत सांगणारा हा कुंभार आम्हालाही परका वाटत नाही. तेरमध्ये जाऊन गोरोबाकाकांच्या भक्तांशी भांडण काढणे म्हणजे आपल्याच माणसांशी भांडणे होईल.

गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. लामतुरे हे गावातलेच व्यापारी. पावसाने पांढरीची माती धुपली की वर येणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या. मणी, नाणी, भाजलेल्या मातीच्या आणि केओलिनच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या अशा हजारो वस्तू. त्यांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. इटलीत पाँपेई शहराच्या राखेत 1938 साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा आपला भाग दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या बाजाराशी जोडलेला होता. तरुणांनी हे संग्रहालय पाहावेच, आणि घाईत पाहू नये.

मग हे शहर बौद्ध का राहिले नाही?

ठरलेले उत्तर आपल्याकडे तयार असते: ब्राह्मणांनी संपवले, आक्रमकांनी संपवले. बाबासाहेबांनी दोन्हींचा विचार केला. मुस्लिम आक्रमणात विहार आणि भिक्खू यांच्यावर झालेल्या आघाताबद्दल त्यांनी स्पष्ट लिहिले. ब्राह्मणी प्रतिक्रांतीवर तर त्यांचे अख्खे लेखन उभे आहे. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी एक तिसरे कारण सांगितले आहे आणि ते आपल्या भाषणांत फार क्वचित येते. संघात येण्यासाठी दीक्षा होती, प्रव्रज्या आणि उपसंपदेचे नियम होते. पण ज्याला भिक्खू व्हायचे नाही, घरसंसारात राहूनच बौद्ध व्हायचे आहे, त्याच्यासाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती. हा उपासक आमचा आणि हा आमचा नाही, अशी रेषाच नव्हती. बाबासाहेब याला गंभीर उणीव म्हणतात आणि धम्माच्या ऱ्हासाच्या कारणांत तिची गणना करतात.

हे कारण जमिनीवर कसे दिसते, त्यासाठी नाशिकला जाऊ. त्रिरश्मी लेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातले दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. हिशेब करा: महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे, म्हणजे बरोबर दोनशे चाळीस. उरलेल्या हजारावर पाऊण टक्का. आजच्या एखाद्या ट्रस्टच्या मुदतठेवीसारखा चोख व्यवहार.

या व्यवहारात संघ आहे, राजघराण्यातला दाता आहे, व्याज भरणारी श्रेणी आहे. पण घर दिसत नाही. विणकराच्या घरी मूल जन्मले तर कोण येत होते? लग्न कोण लावत होते? मेलेल्याला निरोप देताना काय म्हटले जात होते? लेण्यांतल्या शिलालेखांत सोनार, सुतार, अत्तरवाले, यवन, भिक्खुणी, गृहिणी अशा कितीतरी साध्या दात्यांची नावे आहेत, त्यामुळे सामान्य माणूस धम्मापासून दूर होता असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की तो दान विहारात देत होता आणि घरातले संस्कार बहुधा जुन्याच पुरोहिताकडून करून घेत होता. दामोदर कोसंबींनी दख्खनमधली लेणी व्यापारी वाटांच्या कडेने कशी उभी राहिली ते दाखवून दिले आहे. त्या वाटा आटल्या की काय होणार? तेरचे कापड भडोचला जाणे कमी झाले, श्रेण्या मोडल्या, ठेवीचे व्याज थांबले. विहार रिकामे झाले. घर मात्र रिकामे झाले नाही. तिथे पुरोहित आधीपासून बसलेला होता. पुढे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत राहिले, पण त्या तगरात बुद्धाचे नाव घेणारे कोणी उरले नव्हते.

आता सायबेरियाकडे वळू. बैकल सरोवराच्या दोन्ही बाजूंना राहणारे बुर्यात हे मंगोल वंशाचे लोक. मूळचे पशुपालक: मेंढ्या, घोडे, गुरे आणि ऋतूप्रमाणे हलणारी नमद्याची गोल घरे. ते काही सम्राट अशोकाच्या काळापासूनचे बौद्ध नाहीत. त्यांच्यात शामान होते, डोंगर-झऱ्यांच्या देवता होत्या. मंगोलिया आणि तिबेटमधून लामा आले आणि सतराव्या-अठराव्या शतकात बैकलच्या पूर्वेकडचे बुर्यात मोठ्या संख्येने बौद्ध झाले. म्हणजे तेही धर्मांतरितच! आपल्याला "तुम्ही तर 1956 चे नवबौद्ध" म्हणून हिणवणाऱ्यांना हे सांगावे. जगातला कोणताही समाज जन्मतः बौद्ध नव्हता. सिंहली नव्हते, तिबेटी नव्हते, जपानीही नव्हते. प्रत्येकाच्या इतिहासात एक पहिली पिढी आहे. आपली पहिली पिढी अजून घराच्या ओसरीवर बसलेली आहे, एवढाच फरक.

1741 साली रशियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथने बुर्यातांच्या धर्माला मान्यता दिली, असे मानले जाते. अकरा विहार आणि दीडशे लामा, अशी संख्याही ठरवून दिली. यात प्रेम नव्हते, सरहद्दीपलीकडच्या मंगोल लामांचा प्रभाव तोडायचा होता. 1764 मध्ये बुर्यातांचा स्वतःचा धर्मप्रमुख, पंडितो खांबो लामा, हे पद मान्य झाले. 'पंडितो' हा शब्द आपल्याकडचाच, 'पंडित'. विहाराला ते दात्सान म्हणतात. आगिन्स्कोये गावाजवळचा दात्सान एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तिथे लाकडी ठशांवर ग्रंथ छापण्याचे मोठे काम चाले. याच आगा भागात गोंबोझाब त्सिबिकोव जन्मले. त्यांनी 1899 ते 1902 या काळात यात्रेकरूच्या वेशात तिबेटचा प्रवास केला आणि ल्हासाची छायाचित्रे घेऊन आले. मेंढपाळांचा मुलूख, पण पुस्तके छापणारा आणि विद्वान घडवणारा. आमच्या बीडला कोणी मागास म्हटले की आम्हाला हे आठवते.

मग 1930 चे दशक आले. स्टालिनच्या राजवटीत एकेक करून सगळे दात्सान बंद झाले, बरेच पाडले गेले. हजारो लामांपैकी कित्येकांना गोळ्या घातल्या, कित्येकांना छावण्यांत पाठवले. भटक्या पशुपालकांना सामूहिक शेतीत कोंबले. भाषेची लिपीही बदलली: जुनी मंगोल लिपी गेली, लॅटिन आली आणि 1939 मध्ये तीही जाऊन रशियन लिपी आली. आजोबांनी जपलेला ग्रंथ नातवाला वाचता येईना. (लेण्यांतल्या ब्राह्मी अक्षरांपुढे उभे राहून मोबाइलवर फोटो काढणाऱ्या आपल्याला हे दुःख कळायला हवे.)

इथे एक गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. क्रांतीनंतर बुर्यातांमधल्या सुधारणावादी लामांनी, विशेषतः आग्वान दोर्जिएव यांनी, सरकारशी जुळवून घेण्याचा प्रयत्न केला. बुद्धाने ईश्वर मानला नाही, त्याचा विचार समतेचा आहे, तेव्हा साम्यवादाशी त्याचे वैर नाही, असे हे लोक मांडत होते. याच दोर्जिएव यांच्या पुढाकाराने क्रांतीपूर्वी सेंट पीटर्सबर्ग शहरात बौद्ध मंदिर उभे राहिले होते. 1938 च्या जानेवारीत ते उलान-उदे इथे कैदेत असताना मरण पावले. त्यानंतर अठरा वर्षांनी, 20 नोव्हेंबर 1956 रोजी, बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. दुःखाचे मूळ शोषणात आहे इथपर्यंत दोघे सोबत आहेत, पण हिंसा आणि हुकूमशाहीच्या मार्गावर वाटा फुटतात, ही त्यांची मांडणी. दोर्जिएव यांचा शेवट समोर ठेवून ते भाषण वाचले की ते फक्त तत्त्वचर्चा राहत नाही.

जाता जाता आणखी एक धागा. आपल्या गोव्याचे धर्मानंद कोसंबी, मराठीत 'भगवान बुद्ध' लिहिणारे आणि पुढे परळच्या गिरणगावात बहुजनविहार काढणारे, 1929 मध्ये लेनिनग्राडला पाली शिकवायला गेले होते. श्चेरबात्स्की नावाचे बौद्ध तत्त्वज्ञानाचे मोठे पंडित तिथे होते. दात्सानांवर कुऱ्हाड पडायच्या अगदी आधीचा तो काळ. मराठी माणूस आणि रशियातला बौद्ध अभ्यास यांची गाठ अशी एकदा पडून गेली आहे.

आता मुख्य मुद्दा. 1940 च्या सुमाराला बुर्यात प्रदेशात एकही दात्सान चालू नव्हता. तेरच्या हिशेबाने पाहिले तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. संघ नाही, विहार नाही, ठेव नाही, ग्रंथ वाचणारा नाही. पण 1945 मध्ये इव्होल्गिन्स्क इथे नवा दात्सान उघडायला परवानगी द्यावी लागली आणि 1946 मध्ये आगाचा दात्सान पुन्हा उघडला. पुढची चार दशके सोव्हिएत राजवट संपेपर्यंत हे दोनच चालू होते, तेही सरकारी डोळ्याखाली. सरकारने मेहरबानी केली ती युद्धकाळातल्या राजकारणामुळे, हे खरे. पण मेहरबानी झाली त्या दिवशी दारात माणसे उभी होती. ती कुठून आली?

ती घरातून आली. बुर्यातांच्या नमद्याच्या घरात दारासमोरच्या मानाच्या बाजूला छोटे देवघर असे. बुद्धाला ते 'बुर्खान' म्हणतात. घर हलले की बुर्खानही पेटीत बसून हलत असे. हिवाळी मुक्कामावर वेगळा धर्म आणि उन्हाळी कुरणावर वेगळा, असे नव्हते. दात्सान पाडता आला, पण प्रत्येक म्हातारीची पेटी सरकारला सापडली नाही. सगालगान हा नववर्षाचा सण घराघरांत दबक्या आवाजात टिकला. 1972 मध्ये बिदिया दांदारोन या बुर्यात विद्वानाला बौद्ध गट चालवल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली आणि 1974 मध्ये ते छावणीतच वारले. म्हणजे दडपण शेवटपर्यंत होते. तरीही 1990 नंतर दात्सान पुन्हा उभे राहू लागले तेव्हा बौद्ध कुठून आयात करावे लागले नाहीत.

बुर्यातांचे सगळेच आम्हाला पसंत आहे, असे समजू नये. इव्होल्गिन्स्कला दाशी-दोर्जो इतिगेलोव या लामांचा देह ठेवला आहे. ते 1927 मध्ये वारले. 2002 मध्ये देह बाहेर काढला तेव्हा तो कुजलेला नव्हता, म्हणून लोक चमत्कार मानून दर्शनाला रांगा लावतात. ज्योतिष आहे, मंत्रतंत्र आहे, शामानांची परंपराही शेजारी नांदते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने हे उचलायचे काही कारण नाही. बुद्धाने चमत्काराला महत्त्व दिले नाही, आम्हीही देणार नाही. आम्हाला त्यांच्याकडून फक्त ती पेटी हवी आहे.

कशासाठी? आता आपल्या जिल्ह्यात येऊ.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल देऊन टोळ्या भरतो आणि गाव ओस पडते. त्यांत आपली माणसे थोडी नाहीत. आता धम्माचे वर्ष या वर्षावर ठेवून पाहा. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते, आणि बहुतेक गावांत ते बायकाच चालवतात. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, ग्रंथ कपाटात जातो, विहाराला कुलूप लागते. त्याच पंधरवड्यात गाडी येते. पुढचे सहा महिने टोळी सोलापूर, सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या उसाच्या फडात, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोपीत. बऱ्याच टोळ्या परततात त्या भीमजयंतीच्या आसपास. मग डीजे, मिरवणूक, निळे झेंडे.

म्हणजे ऊसतोड कामगाराचा धम्म विहाराचे कुलूप उघडे असते तेवढाच आहे. निम्मे वर्ष तो धम्माविना राहतो. त्या निम्म्या वर्षात लेकरू आजारी पडते, बाई फडातच बाळंत होते, कोयता लागतो, मुकादमाशी हिशेबावरून भांडण होते. माणसाला आधार लागतो तो नेमका याच दिवसांत. तेव्हा कोपीजवळ काय असते? जवळच्या गावातला भगत असतो, जत्रेतला नवस असतो, हल्ली मोबाइलवरचे बाबा-महाराज असतात. आम्ही कोणाला दोष देत नाही. पहाटे तीनला फडात उतरणाऱ्या बाईला "तू बावीस प्रतिज्ञा मोडल्यास" असे सांगणारा कार्यकर्ता आम्हाला तेवढाच खोटा वाटतो, जेवढा त्या भगताचा अंगारा. पण नाशिकच्या विणकराच्या घरात जी जागा रिकामी राहिली होती, तीच जागा कोपीत रिकामी आहे. रिकामी जागा कोणी ना कोणी भरतेच.

यावर आमचे काही मित्र म्हणतात, "तुम्ही कर्मकांड वाढवायला निघालात. बाबासाहेबांनी आपल्याला विचार दिला, तुम्ही फोटो आणि मेणबत्ती देता." आक्षेप गंभीर आहे, म्हणून उत्तरही देतो. बाबासाहेबांनी फक्त विचार दिला हे खरे नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी सामान्य माणसाला दीक्षा दिली, म्हणजे ग्रंथात दाखवलेली ती जुनी उणीव स्वतःच्या हाताने भरली. कोणताही विधी ब्राह्मणाकडून करून घेणार नाही, ही त्यातली एक प्रतिज्ञा आहे. तिचा अर्थ असा की विधी आता आपले आपण करायचे. त्याआधी 1955 मध्ये त्यांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. आज गावोगावचे बौद्धाचार्य लग्ने लावतात, नामकरण करतात, पुण्यानुमोदन करतात. हे कर्मकांड नव्हे. घर आपल्या ताब्यात ठेवण्याची ती तरतूद आहे. तेरच्या विणकराकडे ती असती तर कदाचित विहार मोडूनही धम्म उरला असता. 'कदाचित' म्हणतो, कारण इतिहास दुसऱ्यांदा करून पाहता येत नाही. पण बुर्यातांचे उदाहरण आमच्या बाजूने बोलते.

आकडेही तेच सांगतात. 2011 च्या जनगणनेत देशात बौद्ध सुमारे 84 लाख होते, त्यांपैकी 65 लाखांहून अधिक महाराष्ट्रात. 2001 ते 2011 या दशकात देशाची लोकसंख्या साडेसतरा टक्क्यांहून अधिक वाढली, बौद्धांची फक्त 6.1 टक्के. लेकरे कमी झाली म्हणून एवढा फरक पडत नाही. घरी बुद्धाचा फोटो असलेली कितीतरी कुटुंबे रकान्यात बौद्ध लिहीत नाहीत. सवलती जातील ही भीती अजूनही पसरवली जाते. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचे हक्क आहेत, हे प्रत्येक वस्तीवर पुन्हा पुन्हा सांगावे लागेल. आणि 2027 च्या जनगणनेचा गणक येईल तेव्हा गावाबाहेर असलेल्या टोळीचे काय, हा प्रश्न आत्ताच तहसीलदारांपुढे मांडायला हवा.

तेरबद्दलही बोलायला हवे. तिथल्या देवळावर निळा झेंडा लावायला चला, असे म्हणणारे तरुण आम्हाला भेटतात. त्यांचा राग आम्हाला समजतो. पण त्रिविक्रमाला हलवून तिथे बुद्ध बसवला, तरी संध्याकाळी वंदनेला कोण येणार? रिकामे चैत्य आपल्याकडे काय कमी आहेत? तेरला जावे ते शिकायला. संग्रहालयातल्या वस्तूंची माहिती मराठीत नीट लागावी म्हणून पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करावेत. उघड्या पडलेल्या स्तूपाच्या विटा कोणी उचलून नेत असेल तर तक्रार करावी. ब्राह्मी लिपी शिकावी. ती महिनाभरात वाचता येते, आमच्या वर्गातली दहावीची मुले वाचतात.

कोपीचे काम आम्ही सुरू केले आहे, लहान प्रमाणात. केज आणि धारूर तालुक्यांतल्या काही वस्त्यांवर, गाडी येण्याच्या आधीच्या आठवड्यात, दर टोळीमागे एक पत्र्याची पेटी देतो. तीत ग्रंथ, वंदनेची पुस्तिका, बुद्ध-बाबासाहेबांचा एक फोटो, मुलांसाठी पाटी, आणि एक कोरी वही. वहीत पहिल्या पानावर मुकादमाने दिलेली उचल लिहायची, पुढे रोजची खेप. हिशेब आणि वंदना एकाच पेटीत, हे आम्ही मुद्दाम केले. टोळीतल्या एका बाईकडे पेटीची जबाबदारी असते. वर्षावासात जी वाचन करत होती, बहुधा तीच. पहिल्या हंगामानंतर पेट्या परत आल्या तेव्हा तीन ग्रंथ पावसाने भिजले होते, दोन पेट्यांत उंदीर शिरले होते, आणि वह्या मात्र जवळजवळ सगळ्या शेवटच्या पानापर्यंत भरलेल्या होत्या. काही वह्यांत खेपांच्या मध्येच लेकरांनी त्रिशरण लिहून काढले होते. बायकांची मागणी होती की पुस्तिकेची अक्षरे मोठी करा, कोपीत दिवा लहान असतो. यंदाची पुस्तिका मोठ्या अक्षरांत छापायला दिली आहे. ज्यांना आपल्या तालुक्यात हे काम करायचे असेल त्यांनी दसऱ्याच्या आधी कळवावे, दसऱ्यानंतर गावात कोणी भेटणार नाही.